जळू की प्लॅनेरिया? जखम भरण्यावर काम करायचं असेल तर

रिजनरेशन (तुटलेला भाग परत वाढणं) म्हटलं की आधी प्लॅनेरियाचंच, म्हणजे त्या छोट्या चपट्या कृमीचंच, नाव निघतं आणि ते बरोबरच आहे, छोट्याशा तुकड्यातून अख्खा प्राणी तयार होतो, निओब्लास्ट (कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) आहेत, डबल स्ट्रँड (दुहेरी धाग्याचा) आरएनए लिव्हरच्या पेस्टमध्ये कालवून खायला घातला की हवा तो जीन बंद पाडता येतो. जळूकडे यातलं फारसं काही नाही. तुटलेले खंड ती परत वाढवत नाही, आणि हिरुडोचा (औषधी जळूचा) जीनोमसुद्धा, म्हणजे सगळ्या डीएनएचा आराखडा, पार 2020 मध्ये आला. त्यामुळे डोकं परत कसं उगवतं हा तुमचा प्रश्न असेल तर सरळ प्लॅनेरिया घ्या.

पण जखमेवर आधी कुठल्या पेशी येतात, साफसफाई कोण करतं, नवी रक्तवाहिनी कशी फुटते, असं काही बघायचं असेल तर माझं मन जळूकडे जातं. मी दोन्हींवर काम केलंय. प्लॅनेरियात मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो इंजेक्शनचा. जेमतेम काही मिलिमीटरचा मऊ जीव, सुई जरा इकडेतिकडे झाली की आत घातलेलं बाहेर येतं, नाहीतर अंगभर पसरतं, मग या जागी हे टोचलं म्हणून याच जागी हे झालं असं छातीठोकपणे सांगताच येत नाही. ज्यांचा हात बसलाय त्यांना जमतही असेल. पण प्लॅनेरियाला रक्तवाहिन्याच नसतात, तिथे हात कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

जळूत थंड मॅट्रिजेलमध्ये (थंड असताना पातळ, गरम झालं की घट्ट होणारं प्रथिनांचं जेल) ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन) मिसळून बॉडी वॉलमध्ये, म्हणजे शरीराच्या भिंतीत, टोचा, ते तिथेच घट्ट होतं आणि पेशी त्या गोळ्यात शिरतात. त्या स्नायूंच्या थरात एरवी रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, म्हणून सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ कापात) जी दिसेल ती नवीन. माणसाचं व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारा ग्रोथ फॅक्टर) टोचलं तरी जळू प्रतिसाद देते, हे मला अजूनही भारी वाटतं. नर्व्ह कॉर्डचा (मज्जारज्जूचा) कनेक्टिव्ह, म्हणजे दोन गँग्लियन जोडणारा दोर, कापला तर मायक्रोग्लिया (मज्जासंस्थेतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी) कापलेल्या जागी सरकत जातात, आणि एका गँग्लियनमध्ये (चेतापेशींच्या गाठीत) साधारण 400 न्यूरॉन असल्यामुळे एकेक ओळखून काम करता येतं.

टी आणि बी पेशी (आधीचं इन्फेक्शन लक्षात ठेवणाऱ्या प्रतिकारपेशी) दोघांकडेही नाहीत, त्यामुळे इम्यून मेमरीवर, म्हणजे या लक्षात ठेवण्यावर, काम असेल तर झेब्राफिश बघा.

सांभाळायला प्लॅनेरिया नाजूक, पाणी बिघडलं की विरघळायला लागतात. जळू एकदा पोटभर रक्त प्यायली की महिनोन्‌महिने काही मागत नाही, फक्त झाकण घट्ट हवं. टोचताना सुई खोल जाऊ देऊ नका, आतड्यात एरोमोनास नावाचे बॅक्टेरिया असतात, ते बाहेर आले तर तुम्ही ग्रोथ फॅक्टरचा परिणाम बघताय की इन्फेक्शनचा तेच कळणार नाही. आणि जळूच्या रंगद्रव्यामुळे फ्लुओरेसन्समध्ये (चमकणाऱ्या रंगाने पेशी बघताना) बॅकग्राउंड येतो, म्हणून प्रायमरी (प्रथिन ओळखणारी) अँटीबॉडी न लावता नुसती सेकंडरी (चमकणारा रंग असलेली) अँटीबॉडी लावलेला एक सेक्शन प्रत्येक वेळी सोबत ठेवा.