१६ बाय २० च्या नादाला लागू नका: भिंतीवरच्या फोटोंचा दिवाळी ते गणपती अनुभव

गौरी-गणपतीला पाहुणे यायच्या आधी हॉलमधली १६ बाय २० इंचाची फ्रेम पुसायला उतरवली तर फोटोचा एक कोपरा काचेला चिकटलेला. ओढला असता तर रंग काचेवर राहिला असता, म्हणून तशीच उचलून फ्रेमवाल्याकडं नेली. तो म्हणतो, "यंदा पाऊस लई झाला की ओ." अहो, कोल्हापुरात धंदा करता आणि पाऊस नवा वाटतोय होय तुम्हाला? असो, त्या भांडणाचं पुढं सांगतो.

दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा तीन प्रकार करून घेतले होते. घरच्यांचा ग्रुप फोटो १६ बाय २० मध्ये, सोफ्याच्या मागं १२ बाय १८ चे तीन उभे, आणि बेडरूमला २० बाय ३० चा कॅनव्हास.

आधी १६ बाय २० वर बोलतो कारण डोकं त्यानंच खाल्लंय. पन्हाळ्याला तीन दरवाजापाशी काढलेला फोटो, चुलतभावाचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, क्वालिटीला तोड नाही. लॅबमध्ये गेल्यावर "रेडी फ्रेम आहे, स्वस्तात बसेल" म्हणून १६ बाय २० गळ्यात मारला. घरी आणून बघतोय तर डावीकडं थोरल्या काकांचा खांदा गायब आणि उजवीकडं आत्या निम्मीच. कॅमेऱ्याच्या फोटोचं रुंदी-उंचीचं प्रमाण ३:२ असतं, म्हणजे उंची १६ इंच धरली तर रुंदी २४ व्हायला पाहिजे, आणि फ्रेम आहे २० ची, मग ते ४ इंच जाणार कुठं? दोन्हीकडून दोन-दोन इंच कापले, म्हणजे फोटोचा सहावा हिस्सा गेला! लॅबवाला म्हणतो मशीन आपोआप फिट करते. मशीन करते ओ, पण कापायच्या आधी स्क्रीनवर एकदा दाखवायला काय होतंय? आणि मला अजून कळलेलं नाही की सगळ्या दुकानांत ८ बाय १० आणि १६ बाय २० च्याच रेडी फ्रेमा का लटकवलेल्या असतात. हे माप ५:४ चं, मोबाईल काढतो ४:३, कॅमेरा काढतो ३:२, मग ५:४ चा फोटो काढतंय कोण? आत्यानं येऊन बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मी नको होते तर सांगायचं." तेव्हापासून ती फ्रेम बघितली की माझं बीपी वाढतं.

आता १२ बाय १८ चे तीन. हे मात्र नाद खुळा काम झालंय. सोफा ६ फुटाचा आहे, म्हणजे ७२ इंच, आणि फोटोंची एकूण रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश असली की बरी दिसते, म्हणजे ४८ च्या आसपास. पट्टीसकट एक फ्रेम साडेतेरा इंच, मधी तीन-तीन इंच मोकळे, सगळं मिळून साडेसेहेचाळीस. लावायच्या आधी 'पुढारी' पेपरची पानं मापात कापून मास्किंग टेपनं भिंतीला चिकटवली आणि दोन दिवस तशीच ठेवली, बायकोनं ती तीनदा सरकवली, फुकटात काम झालं.

एकच २४ बाय ३६ का नाही घेतला म्हणाल तर हिशोब केला होता. फ्रेमच्या पट्टीचा दर फुटावर असतो, एका २४ बाय ३६ ला १० फूट आणि तीन १२ बाय १८ ला १५ फूट, म्हणजे पट्टीत तीनच महाग. पण १२ बाय १८ हे अल्बमवाल्यांचं रोजचं माप, प्रिंट स्वस्त पडते, मोठ्याला काच जड, खिळा पण तसाच दणकट पाहिजे, आणि तिनातला एक खराब झाला तर एकच बदलायचा.

यातले दोन फोटो मोबाईलवर काढलेले, रंकाळ्याचा संध्यामठ आणि शालिनी पॅलेस. ४:३ चे असल्यामुळं इथं पण रुंदीत दीड इंच कापले गेले, पण गेलं ते पाणी आणि आभाळ, त्याला काय होतंय. १२ मेगापिक्सेलला लांब बाजू ४००० पिक्सेल, १८ इंचात इंचाला २२० च्या वर पडतात, एकदम क्लिअर. तिसरा जोतिबाच्या यात्रेचा, मित्रानं व्हॉट्सॲपवर टाकलेला, तो दाबून साधारण १६०० पिक्सेलचा होऊन आलेला, म्हणजे इंचाला ९० पण नाहीत. गुलाल उधळलाय म्हणून खपून जातंय, जवळ गेलं की चेहरे मेणाचे दिसतात. मागवायचा तर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा.

उंचीवरून घरात वाद झाला. आपल्याकडं फोटो म्हणजे दाराच्या वर, पुढं झुकवलेला, आजोबा-पणजोबा सगळे तिथंच, त्यामुळं वडिलांना वाटत होतं हे पण वर जाणार. पण हॉलमध्ये आपण बसलेलो असतो, मान वर करून किती वेळ बघणार? सोफ्याच्या पाठीपासून आठ इंच सोडून लावले. वडील महिनाभर म्हणत होते खाली आलंय, आता म्हणत नाहीत.

आता चिकटलेल्या फोटोचं. दिवाळीत फ्रेमवाल्यानं माउंट सुचवला होता तेव्हा मला तो बिल वाढवायचा धंदा वाटला होता, पावसाळ्यानंतर मत बदललंय. माउंट म्हणजे फोटो आणि काच यांच्यामधली जाड पुठ्ठ्याची चौकट, तिच्यामुळं दोघांत फट राहते. फट नसली की दमट हवेत फोटोचा वरचा थर मऊ होतो आणि काचेला धरतो. आणि गंमत बघा, त्याच १६ बाय २० च्या फ्रेममध्ये १० बाय १५ ची प्रिंट माउंट लावून बसते, वर-खाली तीन इंच आणि बाजूला अडीच इंच पांढरं. १० बाय १५ म्हणजे ३:२, काही कापायचं नाही, काका आणि आत्या दोघं अख्खे! फोटो लहान झाला पण लांबून उलट जास्त भारी दिसतोय. लॅबवाल्यानं बऱ्याच कटकटीनंतर प्रिंट निम्म्या पैशात दिली, फ्रेमवाल्यानं माउंटचे पूर्ण घेतले, वर नवी काच "फ्री" म्हणाला आणि मागचा हार्डबोर्ड बदलल्याचे लावले.

कॅनव्हासला काच नाही, त्यामुळं चिकटायचा प्रश्न नाही, आणि २४ मेगापिक्सेलचा फोटो ३० इंचात इंचाला २०० नं आलाय. पण लाकडावर दुमडायला चारी बाजूंनी दीड-दोन इंच लागतात, ते फोटोतून घेणार की कडा आरशासारख्या उलटवून वाढवणार हे आधी विचारा. आमचा मसाई पठाराचा आहे, कडेला नुसतं गवत, म्हणून वाचलो. भिंत पश्चिमेची, पावसाचा मारा तिच्यावरच, म्हणून मागं रबरी बटणं लावून भिंतीपासून थोडा सोडवलाय. जुलैत जरा ढिला पडला होता, आता परत ताणलाय, पण खालच्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिलीय, ती काढायला येतो म्हणून लॅबचा माणूस अनंत चतुर्दशीपासून सांगतोय.