पहिल्या ट्रायथलॉनसाठी क्लॅरिसवाली रोड बाइक: कुठे पुरते, कुठे कमी पडते

अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, शिमानो क्लॅरिस आर२००० चे ८-स्पीड (मागे आठ चकत्यांचे) गिअर आणि साधारण १० ते ११ किलो वजन. कमी बजेटच्या रोड बाइकमध्ये बऱ्याच कंपन्यांचा साचा हाच असतो. रंग आणि नाव तेवढं बदलतं. स्प्रिंट (७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं) किंवा ऑलिंपिक अंतराच्या (१५०० मीटर, ४० किमी, १० किमी) पहिल्या ट्रायथलॉनला ही सायकल पुरते का? पुरते. माप बरोबर असलं पाहिजे आणि पाटीवर क्लॅरिस लिहिलंय म्हणून आतला प्रत्येक भाग क्लॅरिसचाच असेल असं धरून चालू नये, एवढंच.

आधी गिअर बघू. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते ३२ दातांच्या (११-३२) अशी जोडी असेल तर ३४ वर ३२ लावून चढ निभावतो. वरच्या टोकाला ५० वर ११ लावून मिनिटाला ९० फेरे मारले तर वेग ताशी ५० किमीच्या पुढे जातो, म्हणजे नवशिक्याला गिअर कमी पडायचा प्रश्नच नाही. अडचण मधल्या पट्ट्यात आहे. ८-स्पीडच्या ११-३२ कॅसेटमध्ये (मागच्या चकत्यांच्या संचात) १५ नंतर थेट १८ दातांची चकती येते. ट्रायथलॉनमध्ये तासभर एकाच लयीत पॅडल मारायचं असतं आणि नेमकी तिथेच ही उडी टोचते: १८ वर ९० फेरे सुरू असतील तर १५ वर त्याच वेगाला ७५ होतात. एक हलकं वाटतं, दुसरं जड. शिमानोच्याच वरच्या पायरीच्या ९-स्पीड सोरामध्ये मध्ये १६ मिळतो. सोरासाठी जास्त पैसे मोजायचं खरं कारण हे. वजनातला फरक किरकोळ आहे.

क्लॅरिसच्या खालच्या टूर्नी ए०७० पर्यंत मात्र उतरू नये. त्यात एका दिशेचा गिअर ब्रेकच्या हुडच्या (लिव्हरवरच्या रबरी पकडीच्या) आतल्या बाजूच्या छोट्या खटक्याने, अंगठ्याने बदलावा लागतो. हुडवर हात असताना ठीक, पण हँडलचा खाली वळलेला भाग (ड्रॉप्स) धरल्यावर अंगठा तिथवर पोहोचत नाही. शिवाय टूर्नीसारख्या ७-स्पीड सायकलच्या मागच्या चाकात बहुधा आटे फिरवून बसवलेलं फ्रीव्हील (चकत्या आणि आतली खटक्याची यंत्रणा एकत्र) असतं. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग अ‍ॅक्सलच्या टोकापासून बरंच आत येतं आणि खड्ड्यांनी अ‍ॅक्सल वाकतो. पुढे गिअर वाढवायचे म्हटलं तर चाकच बदलावं लागतं. क्लॅरिसच्या चाकात फ्रीहब (खटक्याची यंत्रणा चाकातच) असतो, त्यावर नंतर ९ किंवा १० स्पीडची कॅसेट बसते.

आता पाटीमागची गंमत. शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) आणि मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) क्लॅरिसचा, पण क्रँक (पॅडलचे दांडे), ब्रेक, चेन दुसऱ्याच कुणाचे, हा सर्रास प्रकार आहे. क्रँक आणि चेनचं फारसं मनावर घेऊ नका. ब्रेकचं घ्या. बिननावाच्या रिम ब्रेकचे (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या) हात लिव्हर दाबल्यावर वाकतात आणि पॅड कडक असतात. चांगले पॅड टाकले की निम्मी तक्रार संपते. केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर पुढचं चाक उचलून फिरवा आणि घासल्याचा आवाज येतो का ऐका. स्वस्त डिस्कमध्ये एकच पॅड सरकतो आणि दुसरा हाताने जवळ आणावा लागतो. ते न केल्यास लिव्हर हँडलला टेकेपर्यंत जाते.

मापात चूक झाली तर वरचं सगळं वाया. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, मांड्यांमध्ये पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक घट्ट वर धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे जिथे फ्रेममध्ये फिरतात त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते; ८० सेंमी माप असेल तर सुमारे ७०.६ सेंमी. ही सुरुवात आहे, त्यात थोडं वरखाली होणारच. सीटची उंची कशीही जुळवता येते, लांबी नाही. म्हणून फ्रेम निवडताना रीच (फ्रेमची पुढची लांबी) आणि स्टॅक (पुढची उंची) हे दोन आकडे तक्त्यात बघा. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर बहुतेकांनी छोटी घ्यावी: स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) १० मिमीने लांब करता येतो, मोठी फ्रेम आखूड करता येत नाही. सवलतीत उरलेली चुकीची साइज ही सर्वांत महागडी खरेदी.

एरो बारचा (कोपर टेकवून पुढे वाकून बसायच्या दांड्यांचा) मोह सगळ्यांना होतो आणि तो अगदीच चुकीचा नाही, कारण सपाट रस्त्यावर हवेचा बहुतांश अडथळा सायकलचा नसून बसणाऱ्याच्या अंगाचा असतो. हँडलचा मधला भाग गोल आणि ३१.८ मिमीचा असेल तर वरून आवळायचे क्लिप-ऑन बार बसतात. चपट्या हँडलवर बसत नाहीत, आणि कार्बनच्या हँडलवर निर्मात्याची परवानगी असल्याशिवाय आवळू नयेत. बोल्ट टॉर्कच्या (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या) पान्यानेच, बारवर लिहिलेल्या आकड्याइतके. मात्र बारवर झोपल्यावर ब्रेक आणि गिअर दोन्ही हाताबाहेर जातात, त्यामुळे गर्दीत आणि वळणावर ते वापरायचे नाहीत. ड्राफ्टिंग (दुसऱ्याच्या मागे हवेच्या आडोशाने चालवणं) चालणाऱ्या शर्यतींत बारचे नियम वेगळे असतात, नोंदणीआधी वाचा. पहिल्या स्प्रिंटला बार नसले तरी काही बिघडत नाही. ट्रायथलॉनची खास बाइक तर या टप्प्यावर नकोच.

बजेटचा पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा: हेल्मेट, दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, बाटलीचे दोन स्टँड. पॅडल बऱ्याचदा सोबत येतच नाहीत. साध्या पॅडलला पट्टा लावून धावण्याच्या बुटांतच सायकल मारली तर ट्रान्झिशनमध्ये (सायकलवरून धावण्याकडे वळताना) बूट बदलावे लागत नाहीत. पैसे उरले तर टायर बदला. सोबत आलेले तारेच्या कडेचे जाड टायर काढून चांगले २८ मिमीचे टाकले (फ्रेममध्ये जागा आहे का बघून) की सायकल वेगळीच वाटते.

त्याच पैशात वापरलेली सोरा किंवा तिच्या वरची टियाग्रा मिळत असेल तर ती जरूर बघा, पण उजेडात. हेडट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) मागे डाउनट्यूबच्या (तिथून पॅडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या बाजूला रंगाला सुरकुती असेल तर समोरून धडक बसलेली आहे, सोडून द्या. बोल्ट सैल केल्यावर सीटपोस्ट (सीटचा दांडा) हलतो का की आत अडकलाय, स्टेमच्या बोल्टना गंज आहे का, तेही बघा. घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) घाम गाळलेल्या सायकली बाहेरून नव्या दिसतात आणि आतून सडतात. चेन ०.७५ टक्क्यांपर्यंत ताणली असेल तर कॅसेटही गेली असं समजून भाव करा. शिफ्टर दाबल्यावर रिकामा फिरत असेल तर बहुधा आतलं ग्रीस सुकलेलं असतं, डीग्रीझर आणि पातळ ऑइलने ते सुटतं. हे विकणाऱ्याला सांगायची गरज नाही.

नवी घेतली तर पहिल्या १००-२०० किमीत केबलची बाहेरची नळी आपल्या जागी बसते आणि गिअर मोठ्या चकतीवर चढताना अडखळू लागतो. डिरेलरजवळचा, केबलचा ताण बदलणारा बॅरल अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, पुरेसं होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना ते बघा. एक जरी नसलं तरी तपासणीत सायकल अडते.