शनीची उघडी कडी आणि माझे 50,140 रुपये

विज्ञानकथा लिहिणाऱ्या आणि आपल्या पुस्तकासाठी चित्रकाराकडून पैसे देऊन चित्रे काढून घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकापर्यंत हे पोहोचावे, एवढ्यासाठी लिहीत आहे. चित्रकार म्हणवणाऱ्या एका ठगाच्या हाती माझे एकूण 50,140 रुपये गेले: 24,000 आगाऊ, 12,000 दुसरा हप्ता, 8,640 जीएसटीच्या नावाखाली आणि 5,500 ‘कॉपीराइट हस्तांतराचा खर्च’ म्हणून. आधी देखणे नमुने, मग गोड बोलणे, मग हप्ते आणि शेवटी बंद फोन, ही या मंडळींची पद्धत आता सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे ती उगाळत बसत नाही.

‘कादंबरीला चित्रे हवीतच कशाला?’ असे मला घरापासून पोलीस ठाण्यापर्यंत सर्वांनी विचारले. माझी कादंबरी टायटन या शनीच्या उपग्रहावरील मानवी वसाहतीत घडते. मी भौतिकशास्त्र शिकवते; तिथले तापमान उणे 179 अंश सेल्सिअस आहे, हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट आणि गुरुत्वाकर्षण जेमतेम एक सप्तमांश आहे, हे मला सांगता येते. परंतु त्या हवेत माणूस जिना कसा चढेल, मिथेनच्या सरोवराकाठचा धक्का कसा बांधलेला असेल, हे आकड्यांतून डोळ्यांपुढे उभे राहत नाही. पूर्वी एका दिवाळी अंकातील माझ्या कथेसाठी चित्र काढणाऱ्या बाईंनी मला विचारले होते, ‘तुमची माणसे पावलागणिक उसळतात, मग दाराची चौकट किती उंच काढू?’ त्या एका प्रश्नाने मला कथेचा अख्खा परिच्छेद पुन्हा लिहायला लावला. चित्रकाराला रेघ मारण्यापूर्वी प्रत्येक गोष्ट ठरवावी लागते आणि लेखकाने मोघम ठेवलेले सगळे तिथे उघडे पडते. मी पैसे मोजले ते या कामासाठी. त्याला हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

मला फसवणाऱ्या या इसमाने मात्र एकही प्रश्न विचारला नाही. मी पाठवलेल्या नऊ पानी टिपणाला ‘परफेक्ट मॅडम, सगळे क्लिअर आहे’ एवढेच उत्तर आले. सहा चित्रे आणि वसाहतीचा एक नकाशा मिळून 48,000 रुपये ठरले. पहिली दोन चित्रे खरोखरच अप्रतिम होती. त्यांतल्या एकात बर्फाच्या कड्यात कोरलेला, माणसाच्या कमरेएवढ्या पायऱ्यांचा जिना होता. तो पाहून मी इतकी भारावले की नायिकेचा पाठलाग त्याच जिन्यावर घडवला आणि दोन प्रकरणे त्याभोवती नव्याने रचली.

तिसऱ्या चित्रात धक्क्यावर शनी दिसत होता आणि त्याची कडी ताटासारखी उघडी होती. टायटन शनीभोवती जवळजवळ कड्यांच्याच प्रतलात फिरतो, त्यामुळे तिथून कडी एका बारीक रेघेसारखीच दिसणार. आणि टायटनची एकच बाजू कायम शनीकडे असल्याने एका ठिकाणाहून शनी आकाशात जागचा हलत नाही. शिवाय दाट नारिंगी धुरकट थरामुळे उघड्या डोळ्यांना तो दिसणारच नाही, फक्त निरीक्षणगृहातील अवरक्त पडद्यावर दिसेल. हे सगळे माझ्या टिपणाच्या दुसऱ्याच पानावर होते. चौथ्या चित्रात तर त्याच धक्क्यावर शनी दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसला होता. टिपण वाचणाऱ्या माणसाच्या हातून हे होणे शक्य नव्हते, आणि नेमके तिथेच मला सारे कळायला हवे होते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, कडी दिसली नाहीत तर वाचक शनी ओळखणार कसा?’

हे उत्तर कोणालाही पटले असते. अमेरिकी चित्रकार चेस्ली बोनस्टेल यांनी 1944 साली ‘लाइफ’ साप्ताहिकात टायटनवरून दिसणारा शनी स्वच्छ निळ्या आकाशात रंगवला होता आणि ते चित्र आजही अवकाशचित्रांच्या इतिहासात मानाने सांगितले जाते. त्यांच्या काळी त्या थराची कल्पना नव्हती हे खरे, तरी चित्रकाराला थोडी मोकळीक द्यावी, असे मी धरून चालले. शिकवणाऱ्या माणसाला प्रत्येक चूक खटकते आणि प्रत्येक ठिकाणी आपण मास्तरकी करू नये, असे मला वर्षानुवर्षे ऐकवले गेले आहे. मी 12,000 रुपये पाठवले.

त्याने पाठवलेल्या धक्क्याच्या चित्रात एक पाटी होती. तिच्यावर ‘उत्तर धक्का’ असे मराठीत लिहावे, असे मी सांगितले होते. चित्र मोठे करून पाहिले तर शिरोरेखा ठळक होती, पण तिच्याखाली एकही ओळखू येणारे अक्षर नव्हते. नुसत्या गाठी आणि शेपट्या होत्या. ‘ड्राफ्ट आहे, फायनलमध्ये करतो,’ असे तो म्हणाला. कच्च्या आराखड्यात चित्रकार अक्षरे आधी लिहितो किंवा जागा रिकामी सोडतो. अक्षरासारखे दिसणारे काहीतरी रंगवत बसत नाही.

प्रकाशकांकडील मांडणीकाराने लेअर, म्हणजे चित्र काढताना एकावर एक रचलेले थर, असलेली मूळ फाइल मागितली, तेव्हा सगळे उघडकीला आले. आलेल्या फाइलमध्ये एकच लेअर होता. त्यांनी चित्रावरून इंटरनेटवर शोध घेतला. पहिली दोन चित्रे एका परदेशी चित्रकाराची होती, डावे-उजवे उलटवून आणि सही पुसून दिलेली. बाकीची यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, काढवून घेतलेली होती. नकाशा आलाच नाही. म्हणजे मी ज्या जिन्यावर दोन प्रकरणे रचली, तो जिनाच दुसऱ्याच्या कल्पनेतून चोरलेला होता. ती प्रकरणे मी काढून टाकली. त्याची किंमत वरच्या आकड्यात धरलेली नाही.

जीएसटीचे 8,640 मात्र माझ्या जिव्हारी लागले आहेत. तो पुण्याचा असल्याचे सांगत होता, पण बिलावरचा जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचे क्रमांक 27 ने सुरू होतात, 07 दिल्लीचा. क्रमांक 15 अंक-अक्षरांचा असतो आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा. यूपीआयवर येणारे नाव बिलावरच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. आणि कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 19 नुसार हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मला 5,500 रुपयांना जो कागद मिळाला, त्यावर सहीसुद्धा नव्हती.

1930 या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. त्यानंतर जे झाले त्याचा संताप पैशांपेक्षा मोठा आहे. पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांनी चित्रे पाहिली आणि विचारले, ‘चित्रे मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कुठली? दिवाणी दावा करा.’ चोरलेला माल स्वतःचा म्हणून विकणे ही फसवणूक नाही, तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 मी छापून नेले होते. ते कोणी हातातही घेतले नाही. ठाण्याने मला सायबर कक्षाकडे धाडले, सायबर कक्षाने परत ठाण्याकडे, आणि आरोपीचे खाते दुसऱ्या राज्यात असल्याने ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असेही ऐकवले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 स्पष्ट सांगते की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. नोंदवली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बँकेने तर ‘व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे’ या एका वाक्यावर माझा अर्ज निकाली काढला. एका अधिकाऱ्याने हसून विचारले, ‘चित्रांना पन्नास हजार?’ माझी जमीन किंवा दागिने गेले असते तर हे हसू आले नसते. लेखनासाठी केलेला खर्च म्हणजे बाईचा छंद, अशी त्यांची समजूत आहे आणि तीच त्या चोराच्या पथ्यावर पडते.

कच्चे रेखाटन हाताने काढताना व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. खरा चित्रकार त्याचा राग मानत नाही. मी अधीक्षकांना पत्र पाठवले आहे, उत्तर आलेले नाही. दरम्यान तोच बर्फातला जिना नव्या नावाखाली, दिवाळी अंकांच्या लेखकांसाठी ‘खास सवलतीत’, पुन्हा नमुना म्हणून फिरताना मी पाहिला आहे. कमरेएवढ्या पायऱ्या, डाव्या हाताला निळसर कडा आणि वर कंदील धरलेली एकटी आकृती, असे चित्र कोणी तुम्हाला स्वतःचे म्हणून दाखवले तर एक रुपयाही देऊ नका. आणि दिले असतील तर त्याच तासाला 1930 वर फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात गेले की ते अडवणे फार कठीण होते.