चिनी सिंहांची जोडी घेताना: दारासाठी की बुद्धमूर्तीसाठी?

'चिनी सिंह' म्हणून बाजारात जे मिळतं त्यात मुख्यतः दोन घराणी दिसतात: बीजिंगकडचं उत्तरेचं आणि फुजियान-ग्वांगडाँगकडचं दक्षिणेचं. किंमत विचारण्याआधी एवढं मात्र ठरवा, की सिंह दारावर राखणीला बसवायचे आहेत की बुद्धमूर्तीजवळ ठेवायचे आहेत. दोन्हीला एकच जोडी चालते असं विक्रेते सांगतात. मला ते पटत नाही.

उत्तरेची जोडी राजवाड्याच्या वळणाची असते. बीजिंगच्या निषिद्ध नगरीत ताइहे दरवाजासमोरचे मिंगकालीन (14 ते 17 वं शतक) ब्राँझचे सिंह हा तिचा अस्सल नमुना. छाती पुढे काढलेली, मान ताठ, आयाळीचे कुरळे गोळे ओळीने बसवलेले. नराच्या पंजाखाली नक्षीदार चेंडू, मादीच्या पंजाखाली उताणं पडलेलं पिल्लू. असे सिंह सत्तेच्या दारासाठी घडवले गेले; मालकाचा हुद्दा आयाळीच्या गोळ्यांवरून ओळखायचा, असंही परंपरा सांगते. मोठ्या फाटकाला ते शोभतात, पण फ्लॅटच्या दाराशी ठेवले तर घरच अवघडल्यासारखं दिसतं.

दक्षिणेचा सिंह मोकळ्या स्वभावाचा. मान एका बाजूला वळवलेली, तोंड उघडं, चेहऱ्यावर जवळजवळ हसू. गावची देवळं आणि पूर्वजांच्या दालनांची दारं इथे तो भेटतो. त्याच्या तोंडातला सुटा दगडी गोळा जरूर बघा. कारागीर दातांच्या फटींतून छिन्नी घालून आतला दगड चारही बाजूंनी मोकळा करत आणतो. गोळा फटीपेक्षा मोठा राहतो, त्यामुळे बोटाने फिरतो पण बाहेर येत नाही. तो सहज निघाला तर नंतर आत टाकलेला आहे, हे समजून जा. कारागिराचा हात पारखायला याहून सोपी खूण मला माहीत नाही.

दगडातही फरक आहे. हेबेईतलं चुयांग संगमरवरासाठी नावाजलेलं, तर फुजियानमधलं हुइआन ग्रॅनाइटसाठी. उघड्यावर ठेवणार असाल तर ग्रॅनाइटच घ्या. पावसाने संगमरवराची धार झिजते, आणि कोकणातल्या पावसात तर लवकरच. फक्त वजनाचा अंदाज घ्या: एक घनफूट ग्रॅनाइट साधारण 75 किलो भरतो. गच्चीवर जोडी चढवण्याआधी हा हिशेब करायलाच हवा.

आता बुद्धाकडे वळू. सिंह चीनमधला प्राणी नव्हे. हान घराण्याच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, तो पश्चिमेकडच्या राज्यांकडून नजराणा म्हणून दरबारी आला. शांडाँगमध्ये वू घराण्याच्या समाधीपुढे इ.स. 147 मधले दगडी सिंह आहेत आणि त्यांची किंमत, 40,000 नाणी, तिथल्या लेखातच कोरलेली आहे. पण सिंहाला घरोघरी मान मिळाला तो बौद्ध धर्मामुळे. बुद्ध शाक्यसिंह, त्याचा उपदेश सिंहनाद, त्याचं आसन सिंहासन. कार्ल्याच्या चैत्यगृहापुढच्या स्तंभावर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह याच परंपरेतले.

चीनमधल्या लाँगमेनच्या बौद्ध लेण्यांत बुद्धाच्या पायाशी दोन बाजूंना सिंह आहेत, त्यांच्या पंजाखाली ना चेंडू ना पिल्लू. दुसरं रूप वाहनाचं: प्रज्ञेचा बोधिसत्त्व मंजुश्री सिंहावर बसतो. हेबेईत त्सांगचौला इ.स. 953 चा प्रचंड लोखंडी सिंह आहे, त्याच्या पाठीवर कमळाचं आसन ओतलेलं आहे. म्हणून बुद्धमूर्तीजवळ ठेवायला चेंडू-पिल्लाची जोडी घेऊ नका. साधे बसलेले सिंह शोधा किंवा सिंहारूढ मंजुश्री घ्या. जागा अगदीच कमी असेल तर फुजियानमधल्या देहुआचे पांढरे चिनीमातीचे छोटे सिंह बघा. जुन्या घडणीत त्यांच्या बाजूला उदबत्ती खोचायची नळी असते, म्हणजे ते पूजेसाठीच घडवलेले.

दारासाठी माझं मत दक्षिणेच्या ग्रॅनाइटच्या जोडीला. घेताना दोन्ही सिंह समोरासमोर ठेवून तपासा. दोघांच्याही पंजाखाली चेंडू असेल तर ती जोडी नव्हे, दोन नर आहेत. अंगावर साच्याची बारीक रेघ दिसली तर तो दगड नसून दगडाची भुकटी घातलेलं रेझिन असण्याचीच शक्यता जास्त. बसवताना घरातून बाहेर तोंड करून उभे राहा: नर तुमच्या डाव्या हाताला, मादी उजव्या, आणि दोघांचीही तोंडं बाहेर.