गावरान कोंबड्यांसाठीची आयुर्वेदिक जंत पावडर, पाचपैकी तीन स्टार

पावडर वाईट नाहीये, पण डब्यावर जे ठळक छापलंय ना "सर्व प्रकारच्या जंतांवर एकच उपाय", ते काही खरं नाही. घटक बघाल तर वावडिंग, पळसपापडी, कडुलिंब, लसूण आणि पपईच्या बिया. सगळी ओळखीची मंडळी, आणि नुसत्या ऐकीव गोष्टी पण नाहीत, वावडिंगात एम्बेलिन असतं, पळसाच्या बियांत पॅलासोनिन, दोन्ही जंतांवर काम करतात. पण कुठलं किती टक्के घातलंय ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि गोम तिथेच आहे, कारण बी कधी काढलं, कसं वाळवलं, किती जुनं झालं यावर त्यातला अंश कमीजास्त होतो, मग एका डब्याने गुण आला म्हणून दुसऱ्याने येईलच असं काही नाही.

आमच्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) मोठा गोल जंत झाला होता, तोच तो एस्कारिडिया, पांढरट पिवळा, चांगला 10-12 सेंमीपर्यंत वाढतो. तुरे फिके पडलेले, उचलून धरलं की छातीचं हाड हाताला टोचायचं, खाणं मात्र चालूच. पावडर द्यायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा विष्ठा तपासून घेतली (हे कराच, नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही). जंतांची अंडी बरीच कमी दिसली पण संपली नाहीत. ज्या मुळात धडधाकट होत्या त्या लवकर टवटवीत झाल्या, अगदी खंगलेल्यांना मात्र शेवटी डॉक्टरांना विचारून फेनबेंडाझोल हे जंतांचं केमिकल औषधच द्यावं लागलं. पट्टकृमीवर (फितीसारखा चपटा जंत) तर काहीच फरक नाही, विष्ठेत ते तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे दिसायचे ते दिसतच राहिले. आणि तो जंत मुंग्या नि किडे खाऊन येतो, मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला कोण अडवणार.

देण्याचा ताप वेगळाच. चव कडू जहर. कोरड्या दाण्यात मिसळली तर दाणे तेवढे टिपतात आणि पावडर तळाला राहते, पाण्यात टाकली तर खाली बसते. सकाळी उपाशीपोटी, भरडा किंचित ओला करून त्यात कालवून दिली तरच पोटात जाते. त्यात पण दांडगी कोंबडी सगळं चापते आणि जिला खरी गरज ती कोपऱ्यात पंख पाडून उभी. म्हणून अशक्त पक्षी वेगळे काढायचे आणि गोळी करून चोचीत भरवायची, दुसरा इलाज नाही.

अजून एक, रक्ताची हगवण असेल तर ही पावडर देत बसू नका. ते बहुतेक कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, सूक्ष्म परजीवीमुळे होणारा आतड्याचा रोग) असतं, तो जंत नाहीच, त्याचं औषध वेगळं, आणि पिल्लं बघता बघता जातात.

लिटर (खुराड्यात खाली पसरलेला भुसा) ओलं ठेवून कुठलंच औषध टिकत नाही हो, मग ते झाडपाल्याचं असू दे नाहीतर केमिकल. विष्ठेतून पडलेली जंतांची अंडी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा लागण करायच्या लायकीची होतात आणि ओलाव्यात महिनोन्महिने जगतात. खुराडं कोरडं केल्यावर आमच्याकडे जो फरक पडला त्यातला पावडरीचा किती आणि फावड्याचा किती, हे मला पण सांगता येणार नाही 😄

परत घेणार का? घेईन, केमिकल औषधाच्या दोन डोसच्या मधल्या काळात द्यायला, छोटाच डबा. पण कंपनीवाल्यांनो, "दहा पक्ष्यांना एक चमचा" म्हणजे कुठला चमचा? आत चमचा देत नाही, आणि पिल्लू नि कोंबडा दोघांना एकच माप कसं चालेल? वजनाप्रमाणे डोस छापा. आणि पॅकिंगची तारीख झाकणावर नको, डब्यावर टाका, ओला हात लागला की पुसली जाते.