सीसी की एफडीवरचा ओडी?

खेळत्या भांडवलासाठी रोजचं खातं कोणतं ठेवावं, सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे माल आणि येण्यांच्या तारणावरची उचल) की ओडी (ओव्हरड्राफ्ट, इथे एफडी तारण ठेवून मिळणारी उचल), असं विचारणाऱ्याला आमचे सीए उलट एकच प्रश्न करतात: "गाठीला काही आहे का?" नसेल तर विषय संपला, सीसी घ्या. थोडंफार असेल तर पुढचं वाचा. माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा आहे. दोन्ही खाती वापरून झाली, सध्या ओडीवर आहे.

व्याज दोन्हीकडे वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतंच. दरात ओडी बहुधा स्वस्त पडतो: एफडीच्या दरावर साधारण एक-दोन टक्के, आणि लिमिट ठेवीच्या 90 टक्क्यांच्या आसपास. सीसीला दर चढा, वर प्रोसेसिंग फी, मालाचा विमा, दरवर्षीचं रिन्यूअल. पण सीसीचं पारडं हलकं समजू नका. छोट्या उद्योगाला अंदाजित उलाढालीच्या 20 टक्के लिमिट धरण्याची पद्धत आहे, आणि तारण नसेल तर फी भरून सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्ज-हमी योजनेची हमी मिळू शकते. तेवढी रक्कम एफडीत कोणाकडे पडून असते?

माझं घोडं अडलं ते सीसीसाठी बँकेला द्यायच्या हिशेबापाशी, म्हणजे स्टॉक स्टेटमेंटपाशी. दर महिन्याला कच्चा माल, अर्धवट माल, तयार माल, येणी, देणी. क्राफ्ट पेपरचे रील मोजता येतात, पण नुसतं कापून ठेवलेलं, अजून न चिकटवलेलं शीट कोणत्या भावाने धरायचं? असो, एवढं कुरकुरत का होईना केलं असतं. खरी गोची येण्यांच्या यादीत आहे. 90 दिवसांवरची उधारी बँका सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये (स्टेटमेंटवरून ठरणारी, त्या वेळी उचलता येणारी रक्कम) धरतच नाहीत.

समजा माल 6 लाखांचा, देणी 4 लाख, येणी 8 लाख आणि मार्जिन (बँक कापून बाजूला ठेवते तो हिस्सा) सरसकट 25 टक्के. देणी वजा जाता माल उरतो 2 लाखांचा, त्यात येणी मिळवली की 10, आणि उचलता येतात साडेसात लाख. आता त्या येण्यांतले 3 लाख एका पार्टीने 90 दिवसांपलीकडे लटकवले, की हाच आकडा सव्वापाच लाखांवर येतो. मंजूर लिमिट कागदावर 10 लाख असलं तरी! म्हणजे गिऱ्हाईक पैसे थकवतं त्याच महिन्यात बँकही हात आखडता घेते, आणि कागदवाला तर दारात उभाच असतो. (सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यावेत, असा कायदा 2006 पासून आहे. मोठ्या पार्टीला तो ऐकवायची छाती ज्याची त्याची.)

स्टेटमेंट द्यायचं टाळूनही चालत नाही. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवरची उचल अनियमित धरावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ती सलग 90 दिवस तशीच राहिली तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांत जमा.

ओडीत हे काही नाही. कोणी पैसे थकवले, गोदामात काय पडलंय, बँक विचारत नाही. लिमिट महिनाभर तेवढंच राहतं, आणि त्या भरवशावर मी कागदवाल्याला तारीख देऊ शकतो. माझ्या लेखी बाकी सगळ्या हिशेबापेक्षा हे मोठं आहे. तुमची गिऱ्हाइकं महिन्याच्या आत पैसे देणारी असतील तर तुम्हाला कदाचित हा त्रास जाणवणारही नाही.

ओडीचे दोष? धंदा वाढला तरी लिमिट वाढत नाही, नवी एफडी करावी लागते. बारा महिने लिमिट पूर्ण वापरणार असाल तर सरळ एफडी मोडलेली बरी, उगाच फरकाचं व्याज का भरा. आणि कर वाचवायला केलेली पाच वर्षांची एफडी यात चालत नाही, ती तारण ठेवता येत नाही. नवी करणार असाल तर एकच मोठी न करता तीन-चार तुकड्यांत करा. अडीनडीला एखादी मोडली, तरी बाकीच्यांवरचं लिमिट चालू राहतं.