"पहिलटकर हाय, पोट दिसायचं न्हाई": रिकामी घोडी गाभण म्हणून कशी गळ्यात मारतात

पहिलटकर घोडी शेवटपर्यंत गाभण वाटत नाही, हे खरं आहे. थंडीत बऱ्याच घोड्या माजावर येत नाहीत, हेही खरं. आणि दिवस भरून गेले तरी घोडी महिनाभर लांबू शकते, तेही खरंच. मला ज्या दलालानं रिकामी घोडी गाभण म्हणून विकली, तो या सगळ्या खऱ्याच गोष्टी सांगत होता. खोट्या फक्त दोन. घोडी गाभण आहे ही एक, दुसरी पुढं सांगतो.

आमचा वडलांपासूनचा धंदा वरातीच्या घोड्यांचा. सोलापुरात लग्नसराईत रोज कुठं ना कुठं घोडी लागतेच. दलालाची ओळख कार्तिकात अकलूजच्या घोडेबाजारात झाली, पण व्यवहार नंतर त्याच्या वस्तीवर झाला, त्यामुळे बाजाराला बोल लावायचं कारण नाही. घोडी मारवाडी, लाल रंगाची, चारी पाय आणि तोंड पांढरं, म्हणजे पंचकल्याण. चालीला सुरेख. रिकामी असती तर लाखाच्या आसपास गेली असती. पाडव्याच्या सुमाराला चांगल्या घोड्याला दाखवली आहे, म्हणजे घोडा लावला आहे, सात महिन्यांची गाभण आहे, म्हणून पावणेदोन लाख पडले.

"मालक, पहिलटकर हाय. हिचं पोट बघून तुमाला काय कळायचं न्हाई. शिमग्याला शिंगरू उभं न्हाई ऱ्हायलं तर मिशी उतरवीन," असं बोलला होता. मिशी अजून जागेवर आहे.

त्याच्या बोलण्यावर विश्वास बसावा असं घोड्यांच्या बाबतीत बरंच आहे. घोडी साधारण 340 दिवस पोट वागवते. शिंगराचं वजन वाढतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, त्यामुळे सातव्या महिन्यात बाहेरून फारसं काही दिसत नाही. पहिल्या वेताला पोटाचे स्नायू घट्ट असतात, पोट खाली ओघळत नाही. कास एरवी व्यायच्या दोन ते सहा आठवडे आधी भरायला लागते, पण पहिलटकर कधी कधी अगदी शेवटच्या दिवसांत कास करते, तर कधी व्याल्यावरच दूध उतरतं. सडांच्या टोकाला मेणासारखा थेंब धरतो, तोही काहींना दिसतो, काहींना नाही. आमच्या धंद्यात प्रत्येकाला अशी एखादी गोष्ट माहीत असते. अक्कलकोटच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एकाची घोडी संध्याकाळी वरात करून आली आणि पहाटे तबेल्यात शिंगरू. त्याला ती गाभण आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. असलं ऐकलेलं असलं की 'दिसत नाही' हा पुरावाच वाटायला लागतो, आणि दलालाला नेमकं तेच हवं असतं.

मग ती सराई आम्ही घोडीला एकाही वरातीला काढली नाही. डीजेचा आवाज, फटाके, पोटातल्या जिवाला कशाला त्रास? खरं नुकसान इथं झालं. वर हरभरा, पेंड, गूळ, आणि आपल्याकडचा ज्वारीचा कडबा कुट्टी करून पोटभर. महिन्या-दोन महिन्यांत घोडीचं पोट सुटलं आणि घरातली सगळी हात लावून बघायला लागली. कुणाला शिंगरू हललेलं कळायचं, कुणाला लाथ. कोरड्या कडब्यावरच्या, काम नसलेल्या कुठल्याही घोडीचं पोट असंच सुटतं आणि आतली आतडी दिवसभर गुडगुडत असतात. हे कडब्याचं पोट.

थंडीभर घोडी माजावर आली नाही. दलाल फोनवर म्हणाला, बघा, पोटाला आहे म्हणून शांत आहे. दिवस लहान असले की रिकाम्या घोड्यासुद्धा शांत असतात. महाशिवरात्रीच्या आसपास ऊन वाढलं आणि शेजारच्या तबेल्यातला घोडा खिंकाळला की ती शेपूट उचलून पाय फाकवायला लागली. यावरही उत्तर तयार होतं: "काही गाभण घोड्याबी असं करतात." करतातच, काही करतात. शिमगा गेला, पाडवा गेला. "घोडी बारा महिन्यांवर जाती कधी कधी." जातेच!

या माणसाला घोड्याचं ज्ञान आहे, आणि तेच तो हत्यारासारखं वापरतो.

आता दुसरं खोटं. घेतानाच मी डॉक्टर आणतो म्हणालो, तेव्हा त्यानं आणि त्याच्या बरोबरच्या दोघांनी एकच गलका केला, की सात महिन्यांच्या पहिलटकरणीला हात घातला तर गर्भ पडतो, पडला तर जबाबदारी तुमची. हे धादांत खोटं आहे. जाणकार पशुवैद्यानं गुदमार्गातून तपासणी केल्यानं गर्भ पडत नाही. घोडीचं आतडं नाजूक असतं, फाटायचा धोका असतो, म्हणून घोड्यांची सवय असलेलाच डॉक्टर हवा, एवढंच. दाखवल्यापासून 14 ते 16 दिवसांत सोनोग्राफीत गर्भ दिसतो, त्याच वेळी जुळं आहे का तेही कळतं. सातव्या महिन्यात तर आतलं शिंगरू हाताला लागतं. शेवटी आम्ही डॉक्टर आणले, त्यांनी तपासलं आणि हात धुता धुता सांगितलं, "गर्भाशय रिकामं आहे. व्यालेली, पडलेली, अशी कसलीच खूण नाही."

पण दलालाकडे कागद होता. लॅबचा, शिक्क्याचा, रक्ततपासणीत गाभण असल्याचा. तो कागद बघूनच आम्ही पैसे दिले होते. डॉक्टरांनी तो वाचून दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, ही पीएमएसजीची तपासणी होती. हे संप्रेरक साधारण 40 ते 120 दिवसांच्या गाभण घोडीच्या रक्तात सापडतं, पण पस्तिसाव्या दिवसानंतर गर्भ गेला तरी ते बनवणाऱ्या पेशी गर्भाशयात टिकून राहतात आणि रिकाम्या घोडीचा अहवालही काही आठवडे 'गाभण' असा येतो. म्हणजे जेठातला कागद कार्तिकात कामाचा नाही. चौथ्या महिन्यानंतर रक्तच तपासायचं तर इस्ट्रोन सल्फेट हे दुसरं संप्रेरक बघतात. ते जिवंत गर्भामुळे वाढतं.

दुसरी गोष्ट मला जास्त झोंबली. कागदावर घोडीची ओळख म्हणून 'लाल, पाय पांढरे' एवढंच होतं. अंगावरचे भोवरे नाहीत, तोंडावरच्या पट्ट्याचा आकार नाही, मायक्रोचिपचा नंबर नाही. अशा लाल, पांढऱ्या पायांच्या घोड्या एका बाजारात पन्नास मिळतील.

पावतीवर त्यानं 'एक लाल घोडी विकली' असं लिहून अंगठा-सही केली होती. गाभण हा शब्दच नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा पैशाचा वाद आहे, कोर्टात जा. वकिलांच्या मते भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार होऊ शकते, पण 'गाभण सांगून विकली' हे आधी दाखवता आलं पाहिजे. त्याच्या व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस नोट आम्ही डिलीट केल्या नव्हत्या, त्याच आता कामाला येतायत. नोटीस गेली आहे.

कुणी घेणार असाल तर गाभण घोडीचे जास्तीचे पैसे तुमच्या डॉक्टरनं, तुमच्या समोर, त्याच घोडीला तपासल्याशिवाय देऊ नका. पावतीवर 'गाभण', दाखवल्याची तारीख, घोड्याचं नाव आणि 'रिकामी निघाल्यास फरक परत' हे लिहून घ्या. जो लिहायला नको म्हणतो त्याच्याकडून नुसती घोडीसुद्धा घेऊ नका. आणि तपासणीत खरंच गाभण निघाली तर तारीख जवळ आली की कास भरो न भरो, रात्री पहारा ठेवा. बहुतेक घोड्या रात्रीच वितात, पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर येतं. तासाभरात ते उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत चीक प्यायला पाहिजे, आणि तीन तासांत वार पडली नाही तर डॉक्टरला फोन.

हे लिहायचं तातडीचं कारण वेगळंच आहे. मागच्या आठवड्यात बार्शीकडच्या एका ओळखीच्या माणसानं घोडी घेण्याआधी मला एक कागद पाठवला, खरा आहे का विचारायला. तोच शिक्का, तोच नमुना क्रमांक, तेच 'लाल, पाय पांढरे', फक्त तारखेचा महिना खोडून नवा घातलेला. त्याची घोडी वेगळी, माझी वेगळी. त्यानं बयाणा दिलेला नाही. तसला कागद तुमच्यापुढे कुणी ठेवला तर मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या आणि मला मेसेज करा, वकिलांना अशा जितक्या प्रती मिळतील तितक्या हव्या आहेत.